किल्लीदाराचा खोकला

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मठाशी संबंध असलेल्या एखाद्या माणसावर चार पानं लिहून द्या, असं मला ग्रंथपालांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर माझा मेहुणा होता, हे मला कळलं. मी जन्मभर इतरांनी लिहिलेली पुस्तकं बांधली, पाठींना सरस लावला, पुठ्ठे चढवले. आत काय लिहायचं असतं ते मला नीट ठाऊक नाही. त्यात मेहुण्याबद्दल चांगलं लिहावं असं काही फार शोधूनही हाती लागलं नाही. तेव्हा जसं पाहिलं तसं लिहितो. छापण्याजोगं वाटलं नाही तर परत करावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

मठ डोंगराच्या माथ्यावर आहे. कित्येक शतकांचा जुना. खालून पाहिलं तर डोंगरानं दगडी टोपी घातल्यासारखा दिसतो. गाडी निम्म्यापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. वर पोचलं की फरसबंद अंगण, अंगणापलीकडे कमान आणि कमानीत दार. वाळलेल्या गवतानं भरलेली गाडी सहज आत जाईल एवढं ते दार आहे. त्यावर लोखंडी पट्ट्या आणि मुठीएवढे खिळे आहेत. मधोमध कुलपाचं भोक आहे, त्यात लहान मुलाचा हात जाईल.

या कुलपाची किल्ली माझ्या मेहुण्याकडे असते. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होती, त्याच्या आधी आज्याकडे. गावात त्याला किल्लीदार म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी थट्टेनं म्हटलं असणार, पण त्यानं ती थट्टा पदवीसारखी अंगाला लावून घेतली. घराच्या दारावर नावाच्या पाटीतसुद्धा नावाआधी किल्लीदार आहे, आणि ते अक्षर नावापेक्षा मोठं आहे.

पाहायला आलेले लोक सकाळी अंगणात जमतात. हा लगेच येत नाही. मठाच्याच भिंतीला टेकून, अंगणाच्या खालच्या अंगाला त्याचं घर आहे. तिथल्या खिडकीतून पायऱ्या चढणारी माणसं दिसतात. लोक पुरेसे जमले, उन्हाचा चटका बसायला लागला, दोघातिघांनी घड्याळं पाहिली, की मग हा निघतो. अंगात काळा लांब कोट, खांद्यावर किल्ली. ती कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी लांब आहे आणि तेलानं पुसून पुसून आरशासारखी झाली आहे. चालताना तो कुणाकडे बघत नाही. समोर कुणी आलंच तर थांबतो, ते बाजूला होईपर्यंत.

मग दारापुढे उभा राहून सांगतो, "ही किल्ली ज्या लोहारानं घडवली, त्यानंच वरची घंटा ओतली. काम संपल्यावर त्यानं हातोडा दरीत फेकला. या कुलपाला आजवर दुसऱ्या कुणाचं हत्यार लागलेलं नाही." कुणी विचारलं, कुठल्या सालची गोष्ट, तर विचारणाऱ्याचे कपडे पाहून साल सांगतो. चांगल्या कपड्यांना जास्त जुनं साल मिळतं.

एवढं झालं की किल्ली भोकात घालतो, डोळे मिटतो आणि खोकतो. आधी खालच्या सुरात एकदा, मग जरा थांबून दोनदा. लोकांना वाटतं, बिचाऱ्याला भरून आलं. मग तो दोन्ही हातांनी किल्ली फिरवतो. खरखर होते, आत काहीतरी जड सरकतं, आणि दाराच्या फटीतून थंड हवेचा झोत तोंडावर येतो. लोक श्वास सोडतात. काही जण टाळ्याही वाजवतात. माझ्या बहिणीच्या लग्नानंतर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. आता मला त्या काट्याची लाज वाटते.

दार उघडलं की हा उंबऱ्यापाशी बाजूला उभा राहतो. आत जात नाही. किल्लीदाराची जागा उंबऱ्यावर, असं त्याचं म्हणणं. आतल्या दालनाच्या छतावर मोठं रंगवलेलं चित्र आहे, लांबलांबचे लोक ते बघायला येतात. ते चित्र या माणसानं कधी मान वर करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या लेखी पाहुण्यांच्या दोनच जाती. किल्लीबद्दल विचारतात ते समजूतदार. चित्राबद्दल विचारतात ते फुकटे.

घरात तर विचारायलाच नको. पाण्याचं भांडं हातात लागतं. चहा बशीत दिला तर कपात हवा, कपात दिला तर गार का. किल्ली पलंगाच्या वर खुंटीला टांगलेली असते, तिला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्याच्या मुलीनं लहानपणी एकदा ती खाली काढली आणि घोडा करून अंगणभर फिरवली. हा कितीतरी दिवस त्या पोरीशी बोलला नाही. त्या मुलीनं मोठी झाल्यावर नोकरी शोधली ती नकाशावरही बोट पुरणार नाही इतक्या लांब. मला त्यात काही नवल वाटलं नाही.

माझ्या बहिणीला आम्ही घरात ठकी म्हणतो. माझ्यापेक्षा बरीच लहान. अंगानं किरकोळ, तोंडानं मात्र नाही. लग्नानंतर ती आमच्याकडे फारशी राहायला आली नाही. आली तरी संध्याकाळच्या आत परत. "मोसम आहे दादा, यांना माझ्याशिवाय जमत नाही," असं म्हणायची. मला वाटायचं, चहापाण्याचं म्हणत असेल.

गेल्या हिवाळ्यात मी तिचं गुडघ्यांचं औषध घेऊन वर गेलो. स्वयंपाकघरात ती नव्हती. शेगडीवर दूध ठेवलेलं, खाली जाळ बारीक. मागच्या परसात गेलो तर मठाच्या भिंतीतलं एक ठेंगणं दार उघडं दिसलं. आत जिना होता, भिंतीच्या पोटातून वर जाणारा, इतका अरुंद की दोन्ही खांदे घासत होते. पायऱ्या उंच आणि मधोमध झिजलेल्या. भिंतीला धरत, थांबत मी वर गेलो. वर अंधार होता. डोळे सरावले तेव्हा कळलं, मी मठाच्या आत, मोठ्या दाराच्या पाठीमागे उभा आहे. आणि समोर ठकी. दाराला आडवा लाकडी अडसर होता, वासा म्हणावा असा. तिनं दोन्ही हात त्याच्याखाली घातले होते आणि कान दाराला लावला होता.

मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

बाहेरून मेहुण्याचा आवाज येत होता. लोहार, घंटा, हातोडा, दरी. मग खोकला. एक. मग दोन. ठकीनं दात आवळले आणि अडसर उचलून बाजूच्या खोबणीत ढकलला. धडकन आवाज झाला. दार हलायच्या आत तिनं माझी बाही धरली आणि मला जिन्यात ओढलं. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पायरीवर बसली होती, गुडघा दोन्ही हातांनी दाबून, आणि हसत होती.

"तोंड मिट दादा," ती म्हणाली. "माशी जाईल."

खाली येऊन दूध उतरवल्यावर तिनं सगळं सांगितलं. कुलूप सासऱ्यांच्या काळातच गेलं होतं. कुलपातली स्प्रिंग तुटली आणि तेव्हापासून किल्ली नुसती गोल फिरते, रिकाम्या बाटलीत चमचा फिरवावा तशी. तेव्हा तिची सासू आतून अडसर काढायची. "लग्नानंतर सासूबाईंनी मला दोन गोष्टी दाखवल्या. एक शेगडी, दुसरा हा जिना. म्हणाल्या, आपल्या घरातल्या बाईचं हे काम, आणि बाहेर बोलायचं नाही."

"आणि तू नाही बोललीस?"

"कुणाला सांगू? मठाच्या कारभाऱ्यांना? हे घर मठाचं. किल्लीनं दार उघडतं तोवर घर आमचं, असं पहिल्यापासून ठरलेलं. म्हणजे हे तसं म्हणतात."

"रोज सकाळी?"

"सकाळी उघडायला, संध्याकाळी लावायला. आणि मध्ये कुणी बडी मंडळी आली की यांना हुक्की येते. लावायचं आणि पुन्हा उघडायचं."

मी तिला म्हटलं, छतावरचं चित्र तरी मनसोक्त पाहिलं असशील. ती म्हणाली, "कुठलं? दाराकडे तोंड, चित्राकडे पाठ. लोक आत यायच्या आत खाली पळायचं. एकदा जरा मान वर केली तर यांचा दुसरा खोकला हुकला."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी मेहुण्याच्या समोर बसलो होतो. तो बोटांनी कोटावरचा कण झटकत होता आणि सांगत होता की आजची मंडळी समजूतदार होती.

हाडांच्या डॉक्टरकडे मीच ठकीला नेलं. त्यानं फोटो काढले, दिव्यासमोर धरले. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर बरेच दिवस विश्रांती, आणि जिने मात्र कायमचे बंद. "तुम्ही घरात नेमकं करता काय?" असं त्यानं विचारलं. ठकी म्हणाली, "दार उघडते." डॉक्टर हसला. त्याला वाटलं ती गंमत करते आहे. वसंताच्या तोंडाशी एक तारीख मिळाली. ती चुकली तर पुढची वर्षानंतर, आणि तोवर डावा पाय वाकायचाही बंद होईल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

घरी येऊन मेहुण्याला सांगितलं. तो कोट ब्रशनं साफ करत होता. ब्रश थांबला नाही.

"तेव्हा तर मोसम सुरू होतो," तो म्हणाला. "मोसम संपू दे."

"मोसम संपेपर्यंत पाय राहणार नाही."

"मेहुणे, तुम्हाला यातलं काय कळतं? तुम्ही पुस्तकं बांधा."

मी म्हटलं, कुलूप दुरुस्त करू. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मठ पाडायला निघालोय. "त्याला दुसऱ्याचं हत्यार लावायचं? मग मी लोकांना काय सांगू?"

कारभाऱ्यांना खरं सांगू, असं म्हटलं. "आणि घर? घर गेलं तर तुम्ही ठेवून घेणार का आम्हाला?"

मग मला सुचलं ते मी बोललो. "तुम्ही आत जा. अडसर तुम्ही काढा. किल्ली दुसरं कुणी फिरवेल. नाहीतरी नुसती फिरवायचीच आहे."

या वेळी ब्रश थांबला. "किल्ली दुसऱ्याच्या हातात?"

एवढा वेळ ठकी गुडघ्याला मलम चोळत होती. ती म्हणाली, "जाऊ दे दादा. यांना तो जिना जमायचा नाही. यांना दम लागतो."

त्यात उपरोध होता की काळजी, मला आजही सांगता येणार नाही. मी खाली उतरलो. सबंध रस्ता त्याला काय काय ऐकवायला हवं होतं ते मला सुचत होतं. असं मला नेहमी पायऱ्या उतरतानाच सुचतं.

ऑपरेशनच्या तारखेच्या आदल्या दिवशी माझे व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे आले होते. मठ दाखवा म्हणाले. मुलीच्या सासरची माणसं, नाही कसं म्हणणार? शिवाय मला वर जायचंच होतं. मनाशी ठरवलं होतं, संध्याकाळी ठकीला बरोबर घेऊन उतरायचं, मेहुणा काही म्हणो. हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, ठकीलाही नाही. मला स्वतःचा भरवसा नव्हता.

व्याही म्हणजे धिप्पाड माणूस. पायऱ्या चढताना दम लागला की थांबत आणि म्हणत, "काय देखावा आहे." देखावा सगळीकडे तोच होता. विहीणबाई पुढे जाऊन त्यांची वाट बघत. "अहो, देखावा वरही आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "या आता."

अंगणात नेहमीपेक्षा गर्दी होती. मठाचे कारभारी स्वतः आले होते, त्यांच्याबरोबर बाहेरचे कुणी अभ्यासक, गळ्यात दुर्बिणी आणि कॅमेरे. एवढं पाहिल्यावर मेहुण्याला तर चेवच चढला. त्यानं त्या दिवशी लोहाराला एक आंधळी मुलगी जोडली. आजवर ती मुलगी मी ऐकली नव्हती. तिनं म्हणे किल्लीला हात लावला आणि तिला दिसायला लागलं. अभ्यासकांपैकी एकानं जांभई दिली.

मग किल्ली आत गेली. डोळे मिटले. खोकला झाला. एक. मग दोन. त्यानं किल्ली फिरवली. खरखर झाली.

दार उघडलं नाही.

त्यानं डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा खोकला, जरा मोठ्यानं. किल्ली फिरली, आणखी एकदा फिरली.

"घसा बसलाय वाटतं," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्याकडे गोळी आहे. देऊ का त्यांना?"

"गार हवेनं कुलूप आखडतं," मेहुणा लोकांना म्हणाला. ऊन मी म्हणत होतं. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यानं तिसऱ्यांदा खोकायला सुरुवात केली ती थांबेचना, खोटा खोकला खरा झाला, आणि त्यातच त्यानं तळहातानं दारावर थाप मारली. एक, मग दोन.

लोक हसायला लागले. मला हसू येत नव्हतं. मला तो जिना दिसत होता. त्या झिजलेल्या पायऱ्या, तो अंधार. ती पडली असेल तर? आणि हा माणूस, ज्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं की ती त्या अंधारात आहे, तो किल्ली फिरवत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ती दाराची. मी बाजूच्या पायऱ्यांकडे वळलो, घरातून मागच्या जिन्यानं जावं म्हणून. 

तेवढ्यात आत अडसर सरकला. नेहमीसारखा धडकन नाही, थांबत थांबत, घासत. दार थोडं उघडलं. फटीत ठकी उभी होती. केसांत कोळ्याची जाळी, कोपरावर चुना, एक हात दाराच्या कडेला. मेहुण्याच्या हातातली किल्ली दाराबरोबर पुढे ओढली गेली आणि तोही तिच्यामागे दोन पावलं फरफटला.

"दादा कुठंय?" ती म्हणाली. "दादा, हात दे."

मी धावलो. ती माझ्या हातावर सगळा भार टाकून उंबऱ्यावर बसली.

"मधल्या पायरीवर गुडघा धरला," ती म्हणाली. "वर येईना, खाली जाईना. मग बसून बसून वर आले. अहो, कितीदा खोकलात? मला ऐकू येत होतं. माणूस मेलं का विचारायचं तरी."

"आत जा," मेहुणा दातओठ खात म्हणाला. "मागून जा."

"मागून नाही जायची आता. उतरवतच नाही. पुढून जाते." मग तिनं कारभाऱ्यांकडे पाहिलं. "साहेब, कुलूप केव्हाच मेलंय. मी उघडते आतून. आधी सासूबाई उघडायच्या. घर काढून घ्यायचं असेल तर घ्या, पण खाली नेऊन सोडा मला कुणीतरी."

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. कबूल करतो, मला बरं वाटलं.

कारभारी भला माणूस म्हणून प्रसिद्ध आहेत. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, माहीत आहे की आम्हाला. माझ्या आधीच्यांनी जाताना सांगितलं होतं. किल्ली शोभेची आहे, बाई आतून उघडते. अहो, खाली पळताना तुमच्या चपला वाजतात."

ठकीनं विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"लोकांना आवडतं हे. आणि चाललं होतं ना सगळं व्यवस्थित. घराचं म्हणाल तर तसा काही नियम नाही बुवा. कुणी सांगितलं?"

तसा नियम नव्हता. ज्या भीतीपायी दोन पिढ्यांच्या बायका त्या भिंतीच्या पोटात चढल्या उतरल्या, ती भीती या घरानंच पैदा केली होती आणि पोसली होती. कुणी एकदा विचारायला गेलं नव्हतं. विचारलं तर कळेल, या भीतीनं. आणि ज्यांना कळलं होतं ते टाळ्या वाजवत होते. कारभाऱ्यांबद्दलही माझं मत त्या दिवसापासून मेहुण्याहून फारसं वेगळं नाही.

मी म्हणालो, "उद्या हिचं ऑपरेशन आहे. मी हिला घेऊन चाललोय."

बोललो एकदाचा. विहीणबाईंनी लगेच ठकीचा दुसरा हात धरला.

मेहुण्याच्या तोंडून त्यावर निघालं ते असं: "आणि उद्या दार कोण उघडणार?"

कारभारी म्हणाले, "दिवसा उघडंच ठेवू. आत चोरण्यासारखं आहे काय? रात्री पहारेकरी आतून अडसर लावेल. तो तिथेच झोपतो, काही करत नाही नाहीतरी."

इतकं सोपं होतं ते. एका दमात सांगून झालं.

एव्हाना लोक आमच्या बाजूनं आत शिरले होते. कुणालाही किल्लीचं काही पडलं नव्हतं. ते माना वर करून चित्र बघत होते. फक्त आमचे व्याही मेहुण्यापाशी थांबले होते. "ही किल्ली धरून माझा एक फोटो काढता का?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, झालं ते रोज होत असावं, कार्यक्रमातच असावं. मेहुण्यानं किल्ली छातीशी धरली आणि तो खाली निघून गेला. बायकोकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

ठकी म्हणाली, "दादा, आलेच आहे तर ते चित्र तरी दाखव."

मी आणि विहीणबाईंनी तिला आतल्या बाकावर बसवलं. तिनं मान वर केली. छतावर माणसांची रांग रंगवली आहे, रंग बराच उडालेला, तोंडं ओळखू येत नाहीत. सगळी एका लांब जिन्यानं स्वर्गाकडे चढताहेत. वर सोनेरी दार आहे. ठकीनं बराच वेळ पाहिलं.

"वर जायलाही जिनाच आहे होय?" ती म्हणाली. "मग मी नाही येत."

विहीणबाई इतक्या हसल्या की अभ्यासकांनी वळून पाहिलं.

ऑपरेशन नीट झालं. मेहुणा दवाखान्यात आला तो किल्ली घेऊन. जुन्या चादरीत गुंडाळून आणली होती. घरात कुणी नसताना तिला एकटी कशी ठेवू, म्हणाला. ती त्यानं ठकीच्या पायथ्याशी पलंगावर ठेवली. नर्सनं उचलायला सांगितली तेव्हा तिला लोहाराची गोष्ट सांगितली. आंधळ्या मुलीसकट. ठकी भूल उतरायच्या आधीच म्हणाली, "घेऊन जा ती इथून." मला वाटलं, ती भुलीत बरळतेय. ती किल्लीबद्दल सांगत होती.

नंतर ती आमच्याकडे राहिली. तिच्या माघारी त्यानं अंडी उकडताना भांडं जाळलं, मग दुसरं जाळलं. काय खायचं ते कारभाऱ्यांच्या घरून येत होतं. ठकी चालायला लागल्यावर परत जाते म्हणाली. मी फार सांगून पाहिलं. "तिथे माझी शेगडी आहे," ती म्हणाली. "जिन्याचं म्हणशील तर तो आता बंद झाला." कारभाऱ्यांनी ते ठेंगणं दार विटांनी चिणून घेतलं होतं, एवढं मात्र केलं.

मागच्या आठवड्यात मी वर गेलो. मोठं दार सताड उघडं होतं. त्याच्या कडेला खुर्ची टाकून मेहुणा बसला होता, तोच काळा कोट, मांडीवर किल्ली. चारदोन लोक थांबत होते. लोहार, घंटा, हातोडा. गोष्ट संपली की पुढे काय करायचं ते त्याला सुचत नाही. मग तो खोकतो. एकदा, मग दोनदा. लोक जरा वाट बघतात आणि आत जातात.

मला कुणी म्हणालं, वाईट नाही वाटत का? नाही वाटत. त्या माणसानं ठकीला आजवर एकदाही विचारलेलं नाही की त्या दिवशी जिन्यात किती दुखलं. ज्याला वाटायचं त्याला वाटो.

संध्याकाळी मी ठकीकडे चहा घेत बसलो होतो. ती खुर्चीत, पाय स्टुलावर, माझ्यावर हुकूम सोडत होती. साखर तिथं नाही, वर बघ. बाहेर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. दार नुसतं लोटलेलं होतं. बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. बाहेरून खोकला आला. एक. मग दोन.

मी उठायला लागलो. ठकीनं मला हातानं खाली बसवलं आणि कपातून एक घोट घेतला.

"उघडंच आहे," ती म्हणाली.